आधी वरच्या ओळी वाच

तुझ्या प्रोजेक्टवर मी सही केलेली नाही. वर्गात सगळ्यांसमोर बोलले असते तर तू मान खाली घालून उभा राहिला असतास आणि दाराबाहेर पडल्यावर विसरला असतास, म्हणून लिहून देते आहे. शेवटपर्यंत वाच. समोर लिहिलेलं न वाचणं, हीच तुझी मुख्य चूक आहे.

‘मॅडम, एलडी रिटर्न्ड १ एक्झिट स्टेटस येतंय, हा एरर कसा घालवायचा?’ असं तू विचारलंस. अरे, त्या ओळीत घालवण्यासारखं काहीच नाही. जीसीसी स्वतः लिंक करत नाही. ते कलेक्ट२ ला बोलावतं, कलेक्ट२ पुढे एलडी या लिंकरला बोलावतं, आणि एलडीचं काम अडलं की तेवढा निरोप कलेक्ट२ सगळ्यात शेवटी छापतं. लिंक कोणत्याही कारणाने फसो, ही ओळ येतेच. तू नेमकी तीच उचललीस, गुगलमध्ये टाकलीस, आणि भलत्याच लोकांच्या भलत्याच प्रश्नांची उत्तरं तुझ्यासमोर आली. त्यांतल्या चार-पाच कमांड्स तू एकामागून एक चिकटवल्यास, त्याही सुडो लावून. आपण काय करतो आहोत हे एकदा तरी स्वतःला विचारलंस का?

त्या ओळीच्या वर काय होतं ते मी तुला सांगते, कारण मी ते वाचलं. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू डीएलओपन’. त्याच्याखाली ‘डीएलसिम’, मग ‘डीएलक्लोज’, मग ‘पीथ्रेड_क्रिएट’. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ऑब्जेक्ट फाइलचं नाव, तिच्यातलं कोणतं फंक्शन हाक मारतंय ते, आणि शेवटी ज्याचा पत्ता लागत नाही ते नाव. -जी लावून कंपाइल केलं असतंस तर लिंकरने सोर्समधल्या ओळीचा आकडासुद्धा दिला असता. इतकी चोख तक्रार क्वचितच कोणी करतं. नावगाव लिहून दिलेलं असताना तू ‘कळत नाहीये’ म्हणालास, याचा मला खरा राग आहे.

आता मुळापासून बघू, कारण ही गोष्ट परवाच्या लॅबमध्ये सुरू झाली नाही. वाचनालयाच्या नोंदी ठेवायला तू एसक्यूलाइट घेतलंस. निवड चांगली होती. त्यांच्या साइटवरून दोन फाइली उतरवल्यास, एसक्यूलाइट३.एच आणि एसक्यूलाइट३.सी. मेन.सी मध्ये हेडर इन्क्लूड केलंस, मेन.सी एकटीच कंपाइल केलीस, आणि ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू एसक्यूलाइट३_ओपन’ आलं. तेव्हा तू माझ्याशी वाद घातलास, ‘पण मॅडम, हेडर तर इन्क्लूड केलंय!’ पत्रिकेत नाव छापलं म्हणून पाहुणा मांडवात येऊन बसत नाही. हेडर फक्त सांगतं की या नावाचं फंक्शन आहे, ते अमुक गोष्टी घेतं आणि अमुक परत देतं. तेवढ्यावर कंपायलर तुझी मेन.ओ तयार करतो आणि त्या फंक्शनच्या पत्त्याची जागा मोकळी सोडतो. ती जागा भरणं लिंकरचं काम, आणि भरायला त्याला फंक्शनचा खरा मशीन कोड लागतो. तो कोड एसक्यूलाइट३.सी मध्ये होता, आणि ती फाइल तू त्याला दिलीच नव्हतीस.

टर्मिनलवर ‘एनएम मेन.ओ’ एवढंच लिहायचं होतं. समोर नावांची छोटी यादी येते. ‘मेन’ च्या आधी टी असतो, म्हणजे हे फंक्शन या फाइलीत आहे. ‘एसक्यूलाइट३_ओपन’ च्या आधी यू असतो, म्हणजे हे हवं आहे पण इथे नाही. सगळं लिंकिंग या दोन अक्षरांत आहे: एकाच्या यू ला दुसऱ्या कुणाचा तरी टी मिळवून द्यायचा. मी हे पहिल्याच महिन्यात फळ्यावर करून दाखवलं होतं. तुझ्या जर्नलमध्ये ते पान आहे, कोणाचं तरी बघून उतरवलेलं, कारण त्यात यू च्या जागी व्ही लिहिलेला आहे.

एसक्यूलाइट३.सी वेगळी कंपाइल करून तिची ऑब्जेक्ट फाइल मेन.ओ च्या शेजारी ठेवायची, एवढंच काम होतं. तू काय केलंस? मेन.सी च्या वरच ती सबंध .सी फाइल इन्क्लूड केलीस. दोन लाखांहून जास्त ओळींची फाइल. एरर गेला, तू खूश. आठवड्याने डीबी.सी मध्येही एसक्यूलाइट लागलं, तिथेही तीच इन्क्लूडची ओळ डकवलीस, आणि ‘मल्टिपल डेफिनिशन’ चा पूर आला. येणारच होता. एकाच फंक्शनचा टी दोन ऑब्जेक्ट फाइलींत आला, तर लिंकरने कोणता खरा धरायचा? तिथे तरी थांबायचंस! थांबण्याऐवजी डीबी.सी मधला सगळा कोड उचलून मेन.सी मध्ये कोंबलास. आता एका स्वल्पविरामासाठीही त्या दोन लाख ओळी पुन्हा कंपाइल होतात, आणि ‘प्रोजेक्ट खूप स्लो कंपाइल होतो’ अशी तक्रार तूच करतोस. आधी केलेल्या चुकीला जागा करून द्यायला तू स्वतःच्या प्रोग्रामची रचना मोडलीस. मार्क मी तिथे कापले आहेत, आणि ते परत मिळणार नाहीत.

आता तुझं आवडतं वाक्य. ‘माझ्या लॅपटॉपवर चालतंय.’ हो, चालतंय. का चालतंय ते तुला माहीत आहे का? तुझ्या लॅपटॉपवर उबंटू २२.०४ आहे, त्यात जीलिबसी २.३५. लॅबच्या मशीनवर उबंटू २०.०४, त्यात २.३१. या दोन्हींच्या मधे, ऑगस्ट २०२१ मध्ये, जीलिबसी २.३४ आलं आणि त्यात लिबपीथ्रेड व लिबडीएल या वेगळ्या लायब्रऱ्यांमधला कोड मुख्य लिबसीमध्ये हलवला गेला. एसक्यूलाइट थ्रेडसाठी कुलुपं वापरतं, आणि बाहेरची एक्स्टेन्शन्स उचलायला डीएलओपन वापरतं. तुझ्या नव्या मशीनवर ही सगळी नावं लिबसीतच मिळतात आणि लिबसी जीसीसी न सांगता जोडतं. लॅबमध्ये ती अजून वेगळ्या घरात राहतात, तिथे कमांडच्या शेवटी -एलपीथ्रेड -एलडीएल लिहावंच लागतं. नव्या मशीनवर ते लिहिलं तरी काही बिघडत नाही, जुन्यांची सोय म्हणून त्या नावांच्या रिकाम्या लायब्रऱ्या तिथे ठेवलेल्या आहेत. म्हणजे दोन शब्द लिहिले असतेस तर दोन्हीकडे चाललं असतं. लिंकर तुला ‘डीएलओपन’ असं नाव घेऊन सांगत होता. ‘मॅन डीएलओपन’ उघडलं असतंस तर -एलडीएल लावा असं लॅबच्या त्याच मशीनवर लिहिलेलं होतं.

आणि लॅपटॉपवर चालतं हेही अर्धंच खरं आहे. तुझी कमांड मी पाहिली, त्यात -एफकॉमन लावलेलं आहे. ते कुठून आलं, तुला सांगता आलं नाही. मी सांगते. तुझ्या हेडरमध्ये ‘इंट एकूण_पुस्तकं;’ अशी उघडी ओळ आहे. ते हेडर मेन.सी मध्येही जातं आणि रिपोर्ट.सी मध्येही. म्हणजे एकच ग्लोबल व्हेरिएबल दोन ऑब्जेक्ट फाइलींत जन्माला येतं. जुनं जीसीसी अशी जुळी नावं गुपचूप एकत्र करून घ्यायचं. २०२० मध्ये आलेल्या जीसीसी १० पासून ते बंद झालं. लॅबमध्ये जीसीसी ९ आहे, तिथे तुझी चूक झाकली जाते. तुझ्या लॅपटॉपवर ११ आहे, तिथे ती उघडी पडली, आणि -एफकॉमन लावून तू ती पुन्हा झाकलीस. हेडरमध्ये त्या ओळीच्या आधी ‘एक्स्टर्न’ लिहायचं आणि खरं व्हेरिएबल एकाच .सी फाइलीत ठेवायचं. पहिल्या वर्षाचा धडा आहे हा. तुझा एक दोष जुन्या मशीनवर लपतो, दुसरा नव्या मशीनवर. दोन्हीकडे धड चालेल असं तुझ्याकडे काहीच नाही, आणि तू मला लॅपटॉप उघडून दाखवतोस.

वर्गसमीकरणाच्या मुळांचं प्रॅक्टिकल तुमच्यापैकी निम्म्या मुलांचं लायब्ररी नीट न जोडल्यामुळेच परत आलं होतं. तिथेही तू म्हणालास, ‘काल एसक्यूआरटी चालत होतं, आज चालत नाहीये.’ काल तू एसक्यूआरटी(२.०) लिहिलं होतंस. समोर ठरलेला आकडा असला की जीसीसी कंपाइल करतानाच उत्तर काढून ठेवतं, फंक्शनला हाक मारायची वेळच येत नाही. आज तू तिथे व्हेरिएबल घातलंस, खरी हाक गेली, आणि ती ऐकणारं कोणी नव्हतं, कारण गणिताची फंक्शन्स लिबएम या वेगळ्या लायब्ररीत असतात. लिबपीथ्रेड आणि लिबडीएल लिबसीत गेल्या तरी लिबएम आजही वेगळीच आहे. कोणीतरी तुला -एलएम लावायला सांगितलं. तू ते रूट्स.सी च्या आधी लावलंस, तोच एरर पुन्हा आला, आणि ‘-एलएम पण चालत नाही’ असं जाहीर करून मोकळा झालास.

क्रम! लिंकर कमांड डावीकडून उजवीकडे वाचतो. वाटेत .ए लायब्ररी लागली की आतापर्यंत जी नावं हवी आहेत तेवढीच तिच्यातून काढून घेतो आणि पुढे जातो. तोवर काहीच मागितलेलं नसेल तर तो काहीच घेत नाही, आणि मागे वळून पाहत नाही. उबंटूने ११.१० पासून .एसओ लायब्रऱ्यांनाही तशीच शिस्त लावली, गरज दिसली नाही तर ती लायब्ररी सोडून द्यायची. म्हणून आधी तुझ्या फाइली, नंतर लायब्रऱ्या. त्यांच्यातही जी दुसरीवर अवलंबून आहे ती आधी: ओपनएसएसएल वापरताना -एलएसएसएल, मग -एलक्रिप्टो. मेकफाइल लिहिणाऱ्यांनीही हेच लक्षात ठेवायचं. मेकच्या स्वतःच्या नियमात एलडीफ्लॅग्ज ऑब्जेक्ट फाइलींच्या आधी येतो आणि एलडीलिब्ज नंतर. तुझ्या गटातल्या मुलीने -एलएम एलडीफ्लॅग्जमध्ये टाकलं होतं. तिने निदान मला येऊन विचारलं, ‘हे आधी का येतंय?’ असा प्रश्न तुझ्याकडून मला या वर्षात एकदाही आलेला नाही.

लायब्ररी जोडताना कधी येणारा ‘कॅनॉट फाइंड -एलएसएसएल’ हा वेगळा एरर आहे आणि त्याचा अर्थही वेगळा आहे. इथे नाव सापडत नाही असं नाही, लायब्ररीची फाइलच सापडत नाही. लिंकर लिबएसएसएल.एसओ किंवा लिबएसएसएल.ए शोधतो, नेमकं तेच नाव, पुढे आकडा नसलेलं. तुझ्या मशीनवर असते लिबएसएसएल.एसओ.३, ती तयार प्रोग्राम चालवण्यापुरती. आकडा नसलेलं नाव आणि हेडर फाइली उबंटूवर लिबएसएसएल-डेव्ह या पॅकेजमध्ये येतात, फेडोरावर ओपनएसएसएल-डेव्हल मध्ये. ते पॅकेज घाला, काम झालं. नंतर पीकेजी-कॉन्फिगला विचारा, कोणत्या फोल्डरमधून काय जोडायचं ते तो लिहून देतो. यावर यापेक्षा जास्त बोलायची गरज नाही.

पण तुझ्या मित्राने जे केलं त्यावर बोलायची गरज आहे, कारण ते तूच त्याला पाठवलं होतंस. त्याच्याकडे एक जुना प्रोग्राम होता, त्याला लिबएसएसएल.एसओ.१.१ हवी होती. उबंटू २२.०४ मध्ये ती नाही, तिथे ओपनएसएसएल ३ आहे. लिंकिंग कधीच झालेलं, प्रोग्राम चालू होताना लोडर म्हणाला, ‘कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल’. तुझ्या सांगण्यावरून त्याने सुडो लावून .३ ला .१.१ या नावाची लिंक करून दिली. तो शेवटचा आकडा शोभेचा नसतो रे. आतली फंक्शन्स आणि त्यांची मांडणी जुन्या प्रोग्रामला चालणार नाही इतकी बदलली की लायब्ररीचे लेखक तो वाढवतात. तो बदलून टाकणं म्हणजे लायब्ररीच्या नावाने खोटं बोलणं. ओपनएसएसएलच्या बाबतीत आवृत्त्यांची नावं आतच कोरलेली असल्यामुळे लोडरने पुढच्याच क्षणी ‘व्हर्जन नॉट फाउंड’ म्हणून प्रोग्राम थांबवला, हे त्याचं नशीब. अशी खूण आत नसलेल्या लायब्रऱ्या पुष्कळ आहेत. तिथे प्रोग्राम चालू होतो, आणि मग कधीतरी चुकीचा आकडा देतो. तो आकडा एखाद्या दवाखान्यातल्या यंत्राचा असेल, एखाद्याच्या पगाराचा असेल. तू पुढच्या वर्षी नोकरीला लागणार आहेस, आणि हे असले हात घेऊन.

मागच्या बॅचच्या एका मुलाने असाच कुठूनतरी सल्ला घेऊन स्वतःच्या मशीनवरच्या लिबसी.एसओ.६ ला हात लावला. एलएस, सीपी, एलएन, सुडो, सगळं तिच्यावरच उभं असतं. दुरुस्त करायला ज्या कमांड लागतात त्याच बंद पडल्या. प्रोजेक्टची दुसरी प्रत नव्हती, पेनड्राइव्हवरून मशीन चालू करून फाइली काढाव्या लागल्या, आणि ते करायला माझ्याकडेच आला होता. कोणता प्रोग्राम कोणती लायब्ररी मागतो आणि ती सापडते का, हे ‘एलडीडी’ ओळीओळीने सांगतं. सापडत नसेल तिथे ‘नॉट फाउंड’ लिहितं. आधी ते बघायचं. स्वतःची लायब्ररी वेगळ्या फोल्डरमध्ये असेल तर त्याची नोंद करून एलडीकॉन्फिग चालवायचं, किंवा लिंक करतानाच आरपाथ द्यायचा. एलडी_लायब्ररी_पाथ ची ओळ बॅशआरसीत कायमची लिहून ठेवणाऱ्यांनी लक्षात घ्या, ती त्या टर्मिनलमधून चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामला लागू होते, फक्त तुमच्या एका प्रोग्रामला नाही.

वर्गातल्या सी++ वाल्यांनाही हे थोडक्यात सांग. ‘ॲड’ फंक्शन लायब्ररीत आहे, एनएम ते दाखवतंय, तरी लिंकर नाही म्हणतो, अशी तक्रार घेऊन दोघं आले होते. सी++ कंपायलर नाव जसंच्या तसं ठेवत नाही. दोन इंट घेणाऱ्या ॲडचं तो _झेड३एडीडीआयआय करतो, ३ म्हणजे नावातल्या अक्षरांची संख्या, शेवटचे दोन आय म्हणजे दोन इंट. सी मध्ये कंपाइल झालेल्या लायब्ररीत मात्र साधं एडीडीच असतं. दोन नावं जुळणार कशी? हेडरमध्ये एक्स्टर्न ‘सी’ लिहायचं. आणि एनएमला मोठा -सी दिला की ती गुंतागुंतीची नावं तो उलगडून दाखवतो. .सीपीपी फाइल जीसीसीने लिंक करून सी++ ची सगळी लायब्ररीच गायब झाल्याचं सांगायला येऊ नका. जी++ वापरा.

‘आम्ही टर्बो सी वर शिकलो, तिथे असलं काही नव्हतं’ हे कारण मला पुन्हा ऐकवू नकोस. होतं. ग्राफिक्सचा प्रोग्राम लिहिला की ‘अनडिफाइन्ड सिम्बॉल _इनिटग्राफ’ येत होतं, आणि मग ऑप्शन्समध्ये लिंकर, त्यात लायब्ररीज, तिथे ग्राफिक्स लायब्ररीच्या चौकटीत खूण करायला सीनियर सांगायचे. तीच ही गोष्ट. त्या चौकटीत खूण केल्यावर आत काय जोडलं जातं, हे तेव्हा विचारलं नाहीस, म्हणून आज -एलडीएल बघून गोंधळतोस. निळ्या पडद्यावर एफ९ दाबलं की कंपाइल आणि लिंक एका दमात व्हायचं, म्हणून ती दोन वेगळी कामं आहेत हे कळलं नाही, असं म्हणतोस. ठीक आहे, तेव्हा नाही कळलं. आता तू तिसऱ्या वर्षाला आहेस, आणि आता कळून घ्यायचं.

तुला मी मठ्ठ समजत नाही. मठ्ठ समजत असते तर इतकं लिहिलं नसतं, दोन मार्क कापून सही करून टाकली असती. वाचनालयातली उशिरा आलेली पुस्तकं शोधणारी तुझी क्वेरी मी पाहिली, ती तू स्वतः विचार करून लिहिली आहेस हे दिसतं. तो विचार एरर समोर आला की कुठे जातो? तिथे तू एकदम घाबरलेला भाविक होतोस आणि कोणीही दिलेला अंगारा लावून घेतोस. मशीनसमोर हे चालणार नाही.

हे करून आण. एसक्यूलाइट३.सी वेगळी कंपाइल. मेन, डीबी, रिपोर्ट या फाइली परत वेगळ्या. हेडरमधली ग्लोबलं एक्स्टर्न. -एफकॉमन काढलेलं. मेकफाइल तुझ्या हातची, लायब्रऱ्या एलडीलिब्जमध्ये. ‘मेक क्लीन’ करून मग ‘मेक’, लॅबच्या मशीनवरही आणि तुझ्या लॅपटॉपवरही, माझ्यासमोर. -वॉल लावून येणारी एकही वॉर्निंग शिल्लक नको. तुला ज्या वॉर्निंग किरकोळ वाटतात, त्यांतली ‘इम्प्लिसिट डिक्लरेशन’ ही जीसीसी १४ पासून सरळ एरर झाली आहे, हे त्यासाठी पुरेसं कारण आहे.

व्हायवाला मी तुझ्या मेकफाइलमधली कोणतीही एक लायब्ररी काढून टाकीन आणि मेक चालवीन. जी पहिली ओळ येईल ती तू मोठ्याने वाचायचीस, कोणत्या फाइलीतून कोणतं नाव मागितलं गेलं ते सांगायचंस, आणि ते कोणत्या .एसओ मध्ये आहे ते ‘एनएम -डी’ लावून शोधून दाखवायचंस. इंटरनेट बंद असेल. शुक्रवारी दुपारी दोन वाजता, लॅब क्रमांक ३. तुझ्या मित्रालाही घेऊन ये.